हनुवटीपर्यंत चादर

त्या माणसाच्या हृदयात सुरी शिरेना, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "सायेब, करवत आणू काय?"

"हृदयाला करवत?"

"मंग का करता? गोटाच हाये थे."

तुळशीराम आमच्या शवविच्छेदनाच्या खोलीत एकवीस वर्षं होता. मला पॅथॉलॉजीत लेक्चरर होऊन चार वर्षं झाली होती. अशा वेळी कुणाचं ऐकायचं एवढी अक्कल मला होती. करवत आली. फळ्यावर खडू करकरतो तसा आवाज करत ती आत गेली आणि टेबलावर पांढरी भुकटी पडली.

आतलं हृदय चांगलं निघालं. क्षयाने त्याच्या भोवतीच्या पातळ पिशवीचं चुन्याचं कवच करून टाकलं होतं. त्या कवचात हृदयाला फुलायला जागा नव्हती, म्हणून रक्त मागे तुंबत गेलं, यकृतात, पोटात, पायांत. हे कवच सोलून काढायचं ऑपरेशन तेव्हा मुंबईत होत असे. माणूस चालत घरी जात असे.

इस्तारी मडावी, वय चौतीस, आमच्या सात नंबरच्या वॉर्डात अकरा आठवडे होता. त्या अकरा आठवड्यांत त्याच्यावर यकृताचे उपचार झाले.

टेबलाच्या पलीकडे त्याच्यावर उपचार करणाऱ्या युनिटची रेसिडेंट डॉ. रत्ना घोडेस्वार उभी होती. तिने वाकून ते कवच नखाने वाजवलं. टक् झालं.

"मी लिहिलं होतं, सर," ती म्हणाली.

"काय?"

तिने केस पेपर उघडून तिसरं पान माझ्यासमोर धरलं. वर तिच्या निळ्या शाईत नोंद होती. रुग्ण जेवायला उठून बसला असता मानेच्या शिरा कानापर्यंत फुगलेल्या दिसल्या. आजार यकृताचा नसून हृदयाचा असावा. छातीचा आडवा एक्सरे काढावा. खाली लाल शाईत चार शब्द होते. 'मूर्खपणा. लाखोळी. क्रमांक एक्केचाळीस.' आणि सही.

आमच्या कॉलेजात लाल शाई एकच माणूस वापरत असे. बाकी कुणी लाल पेन विकतसुद्धा घेत नसे. उगीच गैरसमज नको.

डॉ. अच्युत वझलवार हे आमचे डीन, मेडिसिनच्या पहिल्या युनिटचे प्रमुख आणि शास्त्रज्ञ. या तिन्ही गोष्टी ते मनापासून होते. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत गरीब माणसं लाखोळीची डाळ खातात आणि त्याने पाय लुळे पडतात, हे जगाला ठाऊक होतं. तिने यकृतही जातं, असं सरांचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला पोट फुगलेले रोगी ते यादीत घेत. प्रश्न एकच असे, "लाखोळी खातोस का?" तिकडच्या माणसाला हे विचारणं म्हणजे कोकणातल्या माणसाला भात खातोस का विचारण्यासारखं. यादीत नाव नसे, नुसता क्रमांक असे; तो कुणाचा हे केस पेपरवरच कळे. यादी एक्केचाळीसवर पोचली होती. दिल्लीहून निधी आला होता. पुढच्या महिन्यात जिनिव्हाच्या परिषदेत सर पेपर वाचणार होते.

"पण या शिरा तुम्हाला एकटीलाच कशा दिसल्या?" मी विचारलं. "सर स्वतः आठवड्यातून दोनदा राउंड घेतात."

"राउंडला चादर असते ना, सर."

खरं होतं. डीनचा राउंड निघाला की सिस्टर पुढे धावत. सगळे रोगी आडवे, सपाट, हात आत, पांढरी चादर हनुवटीपर्यंत. ही शिस्त इंग्रजांच्या काळापासून होती की कुणा मेट्रनच्या डोक्यातून निघाली होती, कुणास ठाऊक. वॉर्ड सुरेख दिसे. सर पोट पाहायचं म्हणाले की चादर बाजूने वर उचलली जाई, पोट दाखवलं जाई आणि चादर परत खाली. मान अकरा आठवडे चादरीत होती.

"सर, शनिवारी ही केस लावा," रत्ना म्हणाली.

शनिवारची सभा म्हणजे वैद्यकातली एक जुनी रीत. मेलेल्या रोग्याची हकीकत नाव न सांगता भरल्या हॉलमध्ये वाचायची. एका ज्येष्ठाने ती ऐकून निदान करायचं. मग पॅथॉलॉजीच्या माणसाने ट्रेवरचं हिरवं फडकं उचलून खरं काय होतं ते दाखवायचं. आमच्याकडे ज्येष्ठ म्हणजे सर. त्यांनी या रीतीला स्वतःची एक जोड दिली होती. निदान चुकलं असेल तर ज्या रेसिडेंटने रोगी सांभाळला त्याने सभेत उभं राहायचं.

"केस लावली तर उभं तुम्हालाच राहावं लागेल," मी म्हणालो. "आणि तीन आठवड्यांवर तुमची एमडी आहे. परीक्षक सर आहेत."

"म्हणून तर. नाहीतर इस्तारी माझ्या नावावर मेला असंच राहील ना? युनिटमध्ये आत्ताच बोलताहेत, बाईंच्या हातचा गेला." तिने केस पेपर माझ्या हातात दिला. "तुम्ही हृदय दाखवाल तेव्हा हे पान पण दाखवा. मी बोलले तर कोण ऐकेल? पॅथॉलॉजी बोलली की वाद संपतो."

"दाखवतो," मी म्हणालो. "पान आणि हृदय, दोन्ही एकदम."

मी शूर नव्हतो. माझा एक पेपर सरांनी 'भाषा सुधारावी' असं लिहून सात महिने ड्रॉवरमध्ये ठेवला होता. शौर्याला एवढं कारण पुष्कळ असतं. शिवाय आमचे विभागप्रमुख मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते, त्यामुळे केस निवडायचं काम माझ्याकडे होतं.

तुळशीरामने हृदय धुऊन ट्रेमध्ये ठेवलं. म्हणाला, "सायेब, एक इचारू? थे पान तुमी दाखोसान ना?"

"दाखवीन की."

"नाई, म्हनलं इचाराव. मी एकवीस वर्सं पायतो, फडक्याखालून मुर्द्याचंच निंगते सारं. जित्याचं काई निंगत नाई."

शनिवारी सकाळी अकराला हॉल भरला होता. तिसरं पान घडी करून माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. केस पेपरवरून मी उतरवून दिलेली हकीकत रीतीप्रमाणे दुसऱ्या युनिटच्या मुलाने वाचली. सर पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते. मानेच्या शिरांचं वाक्य आलं तसा त्यांनी हात वर केला.

"परत वाचा."

मुलाने परत वाचलं.

"पुढचं नका वाचू. गरज नाही."

सर उठले, फळ्यावर गेले, एक हृदय काढलं आणि त्याच्याभोवती खडू दाबून एक जाड रेघ ओढली. मग वीस मिनिटं बोलले. रक्त कुठून कुठे तुंबलं, पाय आधी का सुजले नाहीत, नाडी श्वासाबरोबर का बुडत होती, आडव्या एक्सरेत चुना कसा चमकला असता. इतकं सुंदर निदान मी त्यानंतर कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. रत्नाने जे एका ओळीत लिहिलं होतं, त्याचं सरांनी महाकाव्य केलं.

"हा माणूस मरायला नको होता," शेवटी ते म्हणाले. "युनिट कुणाचं?"

पहिल्या युनिटची सहा माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती. सहाही जणांना आपले बूट फार आवडले असावेत.

रत्ना उभी राहिली.

सरांनी चष्मा काढला. "माझ्याच युनिटमध्ये?"

"हो, सर."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे, सर."

"या शिरा दिसूनही अकरा आठवड्यांत एक आडवा एक्सरे काढावासा वाटला नाही तुम्हाला?"

"वाटला होता, सर. मी केस पेपरवर..."

"केस पेपर? बाई, माणूस मेलाय. कागद ठणठणीत असेल, कबूल."

हॉल हसला.

"सर, तिसऱ्या पानावर..."

"गाव कोणतं तुमचं?"

तिने सांगितलं.

"बरंच लांब. इथपर्यंत सरकारने आणलं. पुढचा रस्ता तरी आपला आपण चालावा."

हॉल पुन्हा हसला. या वेळचं हसणं जरा वेगळं होतं. त्यात काही जणांनी मागे वळून एकमेकांकडे पाहिलं.

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. आता तुमची पाळी, एवढंच होतं.

मी उठलो, ट्रेपाशी गेलो आणि फडकं उचललं. करवतीने दोन भाग केलेलं ते पांढरं कवच आणि आतलं लाल हृदय पाहून हॉल पुढे झुकला. मग टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या सरांच्या निदानाला होत्या. मी हात खिशात घातला. टाळ्या थांबल्या की पान काढायचं, असं ठरवलं.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. त्या थांबल्या तेव्हा लोक उठायला लागले होते.

अर्ध्या तासाने सरांचं बोलावणं आलं.

केबिनमध्ये ते संत्रं सोलत होते. शिरा काढून एकेक फोड कागदावर ओळीत मांडत होते. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर सोनेरी कडेची एक फ्रेम होती. परदेशातली कुठलीशी पदवी असावी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"बसा, साठवणे. फोड घ्या." मी घेतली. "तो माणूस मी पाहिला होता का हो?"

"सर?"

"माझं युनिट, माझा वॉर्ड. मी पाहिला असणारच. आठवत मात्र नाही. आठवड्याला शंभर पोटं दाखवतात मला." त्यांनी एक बी कागदाच्या कडेला ठेवली. "केस पेपर तुमच्याकडे आहे ना? त्यात माझ्या हातचं काही आहे का?"

माझ्या छातीला ते पान टोचत होतं.

इथे मला आमच्या संस्थेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे वरिष्ठ प्रश्न विचारत नसत. वरिष्ठ सूचना करत आणि तिला प्रश्नाचा आकार देत. 'आज गाडी रिकामी आहे का?' म्हणजे बाईसाहेबांना बाजारात सोडा. 'हा मुलगा अभ्यासू आहे का?' म्हणजे पास करा. चार वर्षांत ही भाषा मी इतकी शिकलो होतो की घरी बायकोने 'भूक लागली का?' विचारलं तरी मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाही. 'माझ्या हातचं काही आहे का?' याचा अर्थ मला लगेच कळला.

"नाही, सर," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

"पान न् पान बघितलं, सर."

सर मागे टेकले. "बरं झालं. मला सारखं वाटत होतं की आपणच काहीतरी खरडलंय. असतं, तर पुढच्या शनिवारी मला उभं राहावं लागलं असतं."

मी हसलो. ते हसत नव्हते.

"मी बोलतोय ते खरं बोलतोय, साठवणे. नियम केलाय तो रेसिडेंटपुरता थोडाच? आणि नुसतं उभं राहून भागलं नसतं. हा जर माझ्या यादीतला असता, तर बाकीचे चाळीस कोण, हा प्रश्न आला असता. जे जिवंत आहेत त्यांना गावोगावहून आणून, बसवून, पुन्हा तपासावं लागलं असतं. जिनिव्हाचा पेपर काढून घ्यावा लागला असता." त्यांनी अंगठ्याने मागच्या फ्रेमकडे दाखवलं. "ते वाचलंय कधी?"

"नाही, सर."

"कुणीच वाचत नाही. वाचा."

मी उठून वाचलं. १९५९ सालचं, एका इंग्रजी मासिकाला लिहिलेलं पत्र होतं. माझ्या अमुक लेखातले निष्कर्ष चुकीचे आहेत. चूक माझी आहे, माझ्या सहायकाची नाही. लेख मागे घेतो. खाली लाल शाईत सही.

"माझ्या आयुष्यात मी केलेलं एकच चांगलं संशोधन," सर म्हणाले.

पान खिशात होतं. हात खिशापासून वीतभर लांब. काढता आलं असतं. पण आता त्या पानाबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर आली असती. दोन मिनिटांपूर्वी मी पान न् पान बघितलं होतं. सरांची चूक लाल शाईतली होती, तिला फ्रेम मिळाली असती. माझ्या चुकीला फ्रेम कोण करणार?

मी येऊन बसलो.

"ती मुलगी काहीतरी म्हणत होती," सर म्हणाले. "तिसरं पान म्हणाली. काय आहे तिसऱ्या पानावर?"

"विशेष काही नाही, सर. ताप, लघवी, नेहमीचं."

"म्हणजे भर सभेत खोटं बोलत होती?"

"घाबरली असेल, सर. परीक्षा जवळ आली आहे."

"निदान चुकलेला डॉक्टर मी पास करीन," सर म्हणाले. "अज्ञान शिकवून जातं. खोटं बोलणारा मात्र मला या इमारतीत नको." त्यांनी उरलेल्या फोडी माझ्याकडे सरकवल्या. "तुमचा एक पेपर माझ्याकडे पडलाय ना? घेऊन जा. भाषा ठीक आहे."

बाहेर व्हरांड्यात रत्ना उभी होती. कडेला एक बाई दोन पोरांना घेऊन जमिनीवर बसली होती.

"सर, पान?"

"टाळ्यांत राहून गेलं," मी म्हणालो. "आणि आता सापडत नाही."

माझ्या खिशाकडे तिने पाहिलं नाही. मला मात्र पाहिल्यासारखं वाटलं.

"बरं," ती म्हणाली. मग त्या बाईकडे हात करून म्हणाली, "ही इस्तारीची बायको. प्रेत घेऊन गेली होती, आज परत आली. विचारते आहे की पोरांना लाखोळी देऊ की नको. मोठ्या साहेबांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं, त्यानेच झालं म्हणून. घरात दुसरं काही नाही. काय सांगू तिला?"

मी त्या बाईकडे पाहिलं. तिने लगेच हात जोडले.

"नका देऊ म्हणावं," मी म्हणालो.

रत्ना त्या वर्षी नापास झाली, पुढच्या वर्षीही झाली. तिसऱ्यांदा बसली नाही. सर्व्हिसमध्ये शिरून पूर्वेकडच्या कुठल्याशा आरोग्य केंद्रावर गेली आणि तिथेच राहिली.

सर जिनिव्हाला जाऊन आले. त्यांच्या निवृत्तीपर्यंत यादी एकशे सहावर गेली. पुढे मी ती यादी काढून पाहिली. का पाहिली ते सांगता येत नाही. पॅथॉलॉजीच्या माणसाला आकडा पुरा करायची खोड असते. त्या शनिवारी इस्तारी सोडून उरलेल्या चाळीसपैकी तेवीस माणसं जिवंत होती. सतरा गेलेल्यांची यकृतं आमच्या संग्रहालयात बरण्यांत आहेत. हृदयं नाहीत; सरांनी यकृतंच मागितली होती, आम्ही यकृतंच ठेवली. त्यांतली नऊ कापलेल्या जायफळासारखी दिसतात. हृदयापाशी रक्त तुंबलं की यकृत तसं दिसतं, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. नऊपैकी तीन मी स्वतः कापली होती.

जाताना सरांनी माझा गोपनीय अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य पुढे प्रत्येक निवड समितीत मोठ्याने वाचलं गेलं. 'या संस्थेत विचारल्यावर निर्भयपणे खरं सांगणारा मला हा एकच मनुष्य आढळला.' त्या वाक्यावर मी रीडर झालो, प्रोफेसर झालो आणि सहा वर्षांपूर्वी डीन झालो. फ्रेमही त्यांनी मलाच दिली. ती माझ्या खुर्चीमागे आहे. तिसरं पान मी फाडलं नाही. शास्त्रज्ञ पुरावा फाडत नाही. ते फ्रेमच्या आत, सरांच्या पत्रामागे आहे. येणाऱ्यांना वाटतं, माझी पदवी आहे.

मी डीन झाल्यापासून पूर्वेकडून अधूनमधून एखादा पोट फुगलेला रोगी येतो आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी येते. प्रति, अधिष्ठाता. 'रुग्णास कृपया उठवून बसवावे व मान पाहावी. र. घोडेस्वार.' दुसरं काही नसतं. आजवर नऊ चिठ्ठ्या आल्या. नऊही निदानं बरोबर निघाली. सहा चिठ्ठ्या मी तशाच वॉर्डात पाठवल्या, ती सहा माणसं वाचली. तिघांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर फायलींखाली गेल्या होत्या.

दहावी चिठ्ठी परवा आली. योगायोगाने त्याच दिवशी माझा शेवटचा राउंड होता, महिनाअखेर मी निवृत्त होतोय. चिठ्ठी कोटाच्या खिशात घालून निघालो. सिस्टर पुढे धावल्या होत्या. वॉर्ड सुरेख दिसत होता, दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी, हनुवटीपर्यंत.

चौदा नंबरच्या खाटेपाशी मी थांबलो. मागचे वीस जण थांबले. पंचविशीचा पोरगा होता, सपाट पडलेला, पोट तेवढं चादरीखाली उंच.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

त्याने उठायला कोपर टेकलं. सिस्टरने खांदा दाबून त्याला परत निजवलं आणि चादर नीट केली.

"बरं हाये जी," तो म्हणाला.

वीस जण माझ्या तोंडाकडे पाहत होते. एवढ्या वर्षांत मी कधी कुणाला उठवून बसवलं नव्हतं. आता एकाएकी बसवलं असतं तर का, असा प्रश्न आला असता. दुपारी माझा निरोपसमारंभ होता. तो आटोपला की एखाद्या रेसिडेंटला पाठवून मान पाहायला लावू, असं मी ठरवलं.

समारंभ बराच लांबला. टाळ्या संपता संपत नव्हत्या.